बाहेरचा कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. महागावजवळच्या एका गावात, रामराव आणि भागीरथाबाई यांच्या घरी राहतो. घरातले बाकीचे कप स्वयंपाकघरात एकाच रॅकला दाटीवाटीने लटकतात. मला मात्र घराबाहेर, नळाच्या वर, स्वतंत्र कोनाडा आहे.

लग्नाच्या आहेरात आम्ही सहा भावंडे या घरी आलो, प्रत्येकाच्या पोटावर एक गुलाबी फूल. पुढे माझा कान तुटला आणि मला बढती मिळाली. शेतावरचा सालदार बाबाराव आणि कापूस वेचायला येणाऱ्या बाया यांच्या चहासाठी मी राखीव झालो. चहा माझ्यात उंचावरून ओततात, किटली मला शिवत नाही. जो पितो तोच मला धुतो आणि उपडा ठेवतो. एवढे सोवळे देव्हाऱ्यातल्या समईचेही पाळत नाहीत.

काळ बदलला. घरावर स्लॅब टाकला. चूल गेली, गोठा गेला, वायफाय आले. जुनी भिंत पाडली तेव्हा मला वाटले, संपले आपले. पण नव्या भिंतीत कोनाडा ठेवायला रामरावांनी मिस्त्रीला आठवणीने सांगितले. घरातला मुलगा अमर रोज सकाळी मोबाइलवर समतेचे स्टेटस टाकतो. नळाजवळ रेंज चांगली येते, म्हणून माझ्यासमोर उभा राहूनच टाकतो.

अमरची बहीण अर्पिता यवतमाळला कॉलेजात आहे. दिवाळीनंतर ती होस्टेलच्या खोलीतली मैत्रीण घेऊन आली. ममता तिचे नाव. दोघी एकाच डब्यात जेवणाऱ्या.

भागीरथाबाईंनी मायेने विचारपूस केली. गाव कोणते, भावंडे किती, आणि मग, "आडनाव काय म्हणली व तुहं?"

ममताने सांगितले.

"हो का. आमच्याकडं तसं काही मानत नाही बरं. बस आरामात." एवढे बोलून त्यांनी बाबारावाला माझ्याकडे पिटाळले.

बाबाराव मला हातात घेऊन घुटमळला. "बाई, या पोरीले?"

"आण म्हणते न."

अर्पिताच्या हातात रॅकमधला कप आला, ममताच्या हातात मी. ममताने मला फिरवून पाहिले.

"अर्पे, याले ओळखतो मी. आमच्या बोरी अरबले याचा भाऊ आहे. माही माय ज्या वावरात वेचाले जाते तिथं. त्याले कान तरी आहे."

अर्पिता हसली नाही. "आई, हा कप काहून दिला?"

"कपच तं आहे. चहा तोच आहे न?"

"मंग तू घे याच्यात."

भागीरथाबाईंना एकदम गॅसवरचे दूध आठवले. त्या आत गेल्या.

ममताने मला खाली ठेवले आणि बॅग खांद्याला लावली. "तू तं म्हणली होती, तुमच्या घरी असलं काही नाही. जाऊ दे. एसटी भेटन मले अजून."

"अन् होस्टेलवर? माह्यासंग जेवशीन का?"

ममता चपला घालू लागली. मित्रांनो, दोघींची मैत्री माझ्यापायी चालली होती.

अर्पिताने मला उचलले आणि उभ्यानेच तोंडाला लावले. तळापर्यंत प्याली. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, आजपासून माहा चहा याच्यातच. घरी आले का बाबारावकाकासंग नळापाशी बसून घेत जाईन."

ममताने बॅग काढली नाही, पण बसली. "माहा चहा होता तो," ती म्हणाली.

अर्पिताने आपला कप तिच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी भागीरथाबाईंनी मला आत नेऊन स्वतः धुतले. धुवायला या घराचा हात मला इतक्या वर्षांनी लागला. मग मला धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. कोनाड्यात ठेवावे तर माझ्यातून लेक प्यायलेली. रॅकमध्ये ठेवावे तर बाबाराव प्यायलेला. शिवाय हुकाला लटकायला कान लागतो. शेवटी ओट्याच्या कडेला ठेवून गेल्या. तिथेच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे म्हणून आत्मवृत्तातल्या वस्तू निरोप घेतात. मी तसे म्हणणार नाही. मला पुष्कळ जपले आहे, भिंत पाडूनसुद्धा जपले आहे. वाटले तर मला फोडा. पण नुसते फोडून भागणार नाही, माझ्या जागी दुसरा येईल. जागा तयारच आहे. तेव्हा आधी तो कोनाडा बुजवा.