ठिपकीची राहिलेली सावली

मी एक जुनी ट्रेसिंगची पेटी आहे. नाव ऐकून फार मोठं काही समजू नका. चार फळ्या, आत दोन ट्यूबलाइट, वर दुधी काच आणि खाली एक उथळ खण, एवढाच माझा संसार. माझ्या काचेवर जुनं चित्र ठेवायचं, त्यावर कोरा कागद ठेवायचा आणि बटण दाबायचं. खालचं चित्र वरच्या कागदातून दिसू लागतं, मग त्यातलं हवं तेवढंच गिरवून घेता येतं. हवं तेवढंच, हे नीट लक्षात ठेवा मित्रांनो, कारण माझ्या आयुष्यातली सगळी भानगड त्या दोन शब्दांनीच केली.

सध्या माझा मुक्काम कपाटाच्या डोक्यावर आहे. अंगावर जुन्या मासिकांचे दोन गठ्ठे आहेत आणि त्यांच्यावर एक बिघडलेला पंखा. खाली टेबलावर आता एक चपटा पडदा असतो. त्यावर काडीने चित्र काढतात आणि चुकलं तर नुसतं बोट लावून पुसतात. मला त्याचा हेवा वाटत नाही असं मी म्हणणार नाही. वाटतो, चांगला वाटतो.

मला बनवलं ते माझ्या मालकिणीच्या वडिलांनी. ते नाटकांचे पडदे रंगवत. नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत आणि दोन-दोन महिन्यांनी घरी उगवत. मुलीने चित्रकथा काढायचं ठरवलं आणि शहरात एक खोली घेतली, तेव्हा ते चार दिवसांची सवड काढून आले. एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या दाराची दुधी काच त्यांनी मिळवली. फळ्या मोडक्या पडद्याच्या चौकटीच्या. माझ्या डाव्या फळीवर आतून अजून निळ्या आभाळाचा एक डाग आहे, तो मी फार जपला आहे.

मुलीच्या बोटांना कायम शाई लागलेली असे, म्हणून ते तिला काजळी म्हणत. जाताना त्यांनी तिला एकच गोष्ट बजावली. "काजळे, आधी जमीन काढायची. जमीन, मग भिंती, माणसं सगळ्यात शेवटी. सावल्यासुद्धा जमिनीतच धरायच्या. जमीन नसली की माणूस हवेत तरंगतो बघ." ते त्यानंतर फार दिवस जगले नाहीत, पण काजळीने ही शिस्त कधी मोडली नाही. कितीही घाई असो, आधी फरशी, मग भिंती, मग सामानसुमान आणि शेवटी माणसं.

काजळी त्या खोलीत एकटीच राहायची. तिची आई दुसऱ्या गावी, काजळीच्या दादाकडे होती. हा दादा शाळेपासूनच वसतिगृहात वाढलेला. दुपारी पडदा ओढून काजळी मला सुरू करायची आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी काम करायचो. कोणी येत नसे, कोणी जात नसे. कधी कधी दिवसभरात तिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द मलाच उद्देशून असे, आणि तोही "लाग गं बाई" एवढाच, कारण माझ्या ट्यूब पेटायला वेळ लावत.

एका मुलांच्या मासिकात तिची चित्रकथा दर महिन्याला येऊ लागली. कथेतल्या मुलीचं नाव ठिपकी. दोन वेण्या, गालावर एक ठिपका. ठिपकीची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारच्या पाळीला जायची, वडील फिरतीवर. शाळेतून आलं की ठिपकी कुलूप उघडायची, खिडकीशी स्टूल ओढायची आणि आईची वाट बघत बसायची. बसल्या बसल्या ती रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवायची. एका छत्रीवाल्याला तिने 'गळका' म्हटलं होतं. वाचणारी मुलं हसायची. मी मात्र हसू शकले नाही. ते स्टूल, ती खिडकी, रात्रीपर्यंत लोकांची बोलणी जुळवून देणारी आणि स्वतःच्या घरी फोन नसलेली ती आई, हे सगळं काजळीने कुठून आणलं होतं ते मला पहिल्याच पानाला कळलं होतं.

मी चित्र नेहमी खालून पाहते. म्हणून मला सगळं उलटं दिसतं. ठिपकीचा ठिपका जगाला उजव्या गालावर दिसे, मला डाव्या. इतकी वर्षं काम करून मी एकही चित्र सुलटं पाहिलेलं नाही. पण एक सुख माझ्याच वाट्याला होतं. जुनं पान आणि नवं पान एकाच वेळी फक्त मला दिसे.

मासिकाच्या संपादकबाई पानं परत पाठवत, त्यांना पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. पहिली चिठ्ठी साधी होती. ठिपकीला जरा हसरी कर. काजळीने अख्खं पान पुन्हा गिरवलं आणि ओठाची एक रेघ वर केली. मग चिठ्ठी आली की घर फार रिकामं वाटतं, एखादा प्राणी घाल. काजळीने नाक मुरडलं आणि एक मूठभर कुत्रं घातलं. त्याचं नाव पावशेर. आता गंमत पाहा, तीन महिन्यांत ठिपकीपेक्षा पावशेरला जास्त पत्रं येऊ लागली. त्याच्या शेपटीला स्वतंत्र चौकट द्यायची सूचनाही आली. काजळीने तीसुद्धा दिली. जुनं पान ती चिठ्ठीसकट माझ्या खणात ठेवायची. खण भरत चालला होता आणि मासिकातली ठिपकी दर महिन्याला थोडी थोडी दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी होत चालली होती.

मग ते खिडकीचं पान आलं. पूर्ण पानभर एकच चित्र. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं आहे, ठिपकी स्टुलावर पाठमोरी बसली आहे आणि तिची दोन वेण्यांची लांब सावली फरशीवरून पार दारापर्यंत पोचली आहे. पानात शब्द एकही नाही. काजळीने ते चौदा दिवस बसून काढलं होतं.

पान परत आलं. या वेळी चिठ्ठीत नुसतं 'फोन कर' असं होतं. काजळीचे हात शाईने भरलेले असत, म्हणून ती फोन माझ्या काचेवर ठेवून स्पीकरवर बोले. त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"चित्र वाईट आहे असं मी म्हणतच नाही," संपादकबाई म्हणाल्या. "पण मागच्या अंकावर एका आईचं पत्र आलंय. ठिपकीला एकटी बघून तिची मुलगी जेवली नाही म्हणे. मी काय उत्तर देऊ तिला, सांग. ठिपकीला खिडकीतून उठव. टेबलाशी बसू दे, कुत्र्याशी खेळू दे. नाहीतर गोष्ट इथेच थांबवावी लागेल."

"बाई, ती खिडकीत बसते हीच तर गोष्ट आहे."

"मला कळतं गं. पण मला सगळ्यांचं बघावं लागतं."

काजळीने बोटांवरची शाई पुसली आणि बरं म्हणाली. संपादकबाई वाईट नव्हत्या मित्रांनो, त्यांचा आवाजही उतरला होता. पण ठिपकी खिडकीतून उठली तर काजळीकडे स्वतःचं असं काय उरणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जुनं पान काचेवर ठेवलं, वर कोरा कागद चिकटवला आणि गिरवायला बसली. डोळे सुजलेले होते. तिचं लक्ष नव्हतं, हात मात्र सवयीने चालत होता. आधी जमीन. फरशीचे चौकोन, उन्हाचा पट्टा आणि जमिनीतच धरायची म्हणून सावली. दोन्ही वेण्यांसकट. मग भिंती, खिडकी, स्टूल. शेवटी माणसं. ठिपकीपाशी आल्यावर हात थांबला. ते स्टूल तिने रिकामं सोडलं आणि ठिपकीला टेबलाशी पावशेरच्या शेजारी बसवलं, अगदी हसरी. सावली केव्हाच काढून झाली होती, तिच्याकडे तिने पुन्हा पाहिलंच नाही.

मी पाहिलं होतं. माझी डावी ट्यूब दोनदा लुकलुकली. मी सावध केलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण ती ट्यूब जुनी झाली होती म्हणून लुकलुकली. पान तसंच गेलं आणि घाईत तसंच छापलं गेलं.

अंक निघाला त्याच दिवशी फोन आला. "ही सावली कोणाची राहिली?" संपादकबाई विचारत होत्या. "स्टूल रिकामं आणि खाली दोन वेण्या. भुताटकी वाटते गं." काजळीने अंक उघडून माझ्यावर ठेवला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडून चुकलं, एवढंच ती म्हणाली. तिने मुद्दाम केलं असं पुढे काही लोक म्हणाले. मी साक्षीला होते, तिने मुद्दाम केलं नव्हतं.

त्यानंतर दहा दिवस फोन नाही, चिठ्ठी नाही. गोष्ट बंद झाली असं काजळी धरून चालली. ती टेबलाशी येऊन बसायची, पण मला सुरू करत नसे. बंद असताना मला फारसं काही दिसत नाही. खुर्ची करकरायची, नळाचं पाणी पडायचं, एकच पेला विसळला जायचा. इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

रविवारी तिच्या आईचा फोन आला. तो दर रविवारी यायचा आणि त्यात गुडघे, दादाची मुलं आणि हवा यापलीकडे काही नसायचं. मासिक मात्र आईला दर महिन्याला पोचायचं. त्या दिवशी आई गुडघ्यांवर आलीच नाही.

"ते स्टूल आपलं आहे ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्यावर कोण बसायचं?"

 उत्तराची वाट न बघता आई मी येते, म्हणाली, आणि गुरुवारी दुपारी खरंच एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

चहा झाला. मग काजळीने माझा खण ओढला. खिडकीचं जुनं पान काढून तिने काचेवर ठेवलं, मासिकाकडून परत आलेलं नवं पान त्यावर बरोबर जुळवलं आणि बटण दाबलं. माझ्या ट्यूब एकदा, दोनदा मिचकावल्या आणि लागल्या. वरच्या पानात स्टूल रिकामं होतं. खालच्या पानातली ठिपकी उजेडातून वर आली आणि त्या स्टुलावर, आपल्या सावलीच्या टोकाशी, जाऊन बसली. मी एवढी पानं उजळली, पण त्या दिवशीइतकं जपून कधीच नाही.

आईने चित्रातल्या ठिपकीच्या पाठीवर बोट ठेवलं. "ही तू."

"ही ठिपकी आहे, आई."

"ती नंतर. आधी तू." मग ती म्हणाली, "मी कोपऱ्यावरून वळले की वर बघायचे. खिडकीत अंधार असायचा. म्हणायचे, चला, पोरगी झोपली वेळेवर. त्या भरवशावर मी नऊ वर्षं ती पाळी केली गं."

"तू कोपऱ्यावर दिसलीस की मी दिवा बंद करायचे. आणि पळत जाऊन पांघरुणात शिरायचे."

"का?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

 आईने हात काचेवर सपाट ठेवला. तो हात थंड होता, हळूहळू ऊबदार झाला. बऱ्याच वेळाने काजळी उठली आणि सवयीने माझ्या बटणाकडे वळली. आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आज चालू राहू दे."

आई चार दिवस राहिली. ती गेली त्या दिवशी एक जाड पाकीट आलं. आत मुलांची पत्रं होती. बहुतेकांनी सावली कोणाची असं विचारलं होतं. एकीने मात्र विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ही ठिपकीचीच सावली आहे, मी पण अशीच बसते, पण आमच्याकडे कुत्रा नाही. त्या पत्राला संपादकबाईंची पिवळी चिठ्ठी होती. सावली राहू दे, सावलीवालीला परत बोलाव. ठिपकी पुन्हा खिडकीत बसली. पावशेरलाही काजळीने स्टुलाखाली राहू दिलं, तिचाही त्याच्यावर जीव जडला होता.

त्यालाही आता वर्षं झाली. माझी डावी ट्यूब गेली, मग तो चपटा पडदा आला आणि मी वर चढले. तक्रार नाही. खण अजून माझ्याकडे आहे आणि त्यात ठिपकीची सगळी जुनी पानं आहेत, चिठ्ठ्यांसकट. पण कागद पिवळे पडतात, वाळवी लागते आणि कपाटावरून मला कोणाला हाक मारता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी पेटी असेल तर ती खाली काढा. फडक्याने पुसा, खण ओढून बघा, आतलं काही काचेवर ठेवा आणि बटण दाबा. आमचा उजेड लगेच लागत नाही, तो दोनदा मिचकावतो आणि मग लागतो. तेवढा वेळ थांबा. आणि लागला की घाईने बंद करू नका.