म्हाळसाबाईचं बी

वरकुट्याच्या दत्तोबांना संशय यायला कारण लागत नसे. डेअरीतलं फॅटचं मशीन, ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई, सगळ्यांवर त्यांचा अविश्वास सारखाच होता. आणि खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या बाबतीत ते बरोबर निघाले होते. त्यामुळे त्यांना सुधारणं आणखी अवघड झालं होतं.

मार्चमध्ये ज्वारीची मळणी उरकली आणि चारच दिवसांत एक मुलगी स्कूटीवरून दारात आली. उत्कर्षा नाव. पणदऱ्याची, एका संस्थेत नोकरीला. शेतकऱ्यांनी घरी जपलेल्या वाणांची दिल्लीच्या कार्यालयात नोंद करून देणं हे तिचं काम. तिला दत्तोबांच्या ज्वारीचं अडीच किलो बी हवं होतं.

“नोंद तुमच्या नावावर होईल, आबा. मग दुसरं कुणी हे वाण आपलं म्हणून सांगू शकणार नाही,” ती म्हणाली. “वाणाचं नाव काय लिहू?”

“म्हाळसा,” दत्तोबांच्या तोंडून निघून गेलं. मग ते सावध झाले. “आन् यात तुला काय मिळनार?”

“पगार मिळतो की.”

यावर विश्वास ठेवणारा माणूस वेगळा. पगारासाठी कुणी पणदऱ्याहून एवढ्या उन्हात येतं का?

म्हाळसाबाई ही दत्तोबांची आई. घरात मेंढरं होती तेव्हा बालाघाटाकडे एका रानात कळप बसवला होता, तिथून तिनं या ज्वारीची चार कणसं पदराला बांधून आणली. पुढे मेंढरं गेली, रानाला पाणी आलं, सगळ्यांनी ऊस लावला. दत्तोबांनीही लावला, पण दीड एकर ज्वारीसाठी राखलं. कणसाची मान जरा वाकडी, दाणा टपोरा. हुरडा असा की तळहातावर चोळला की भूस आपोआप बाजूला होतं. आईचा फोटो घरात नव्हता. ती काढूनच घ्यायची नाही. तिच्या नावाचं म्हणावं असं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या नावावर जाईल ही भीती दत्तोबांच्या पोटात तीस वर्षं बसून होती.

ती घातली होती डंकेल प्रस्तावानं. त्या वेळी इंदापूरच्या सभेत एका वक्त्यानं सांगितलं, की हा जागतिक करार झाला तर बियाणं परदेशी कंपन्यांचं होईल आणि घरचं पेरणाऱ्याला बेड्या पडतील. आठवड्यानं बारामतीच्या सभेत दुसऱ्यानं सांगितलं, की करार झाला तर शेतकऱ्याला जगाचा बाजार उघडेल. दत्तोबांनी दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या आणि विश्वास एकावरही ठेवला नाही. बाजार कधीच विसरले, बेडी मात्र लक्षात राहिली.

त्यात गेल्या हिवाळ्यात बारामतीला एका प्रदर्शनात त्यांनी बियाण्याची पुडी पाहिली. परदेशी भांडवलाची कंपनी, खास हुरड्याचं वाण, आणि पुडीवरच्या कणसाची मान तशीच वाकडी.  चोर कोण हे त्यांना घरी येईपर्यंत कळलंही. पुतण्या सिद्धू. तो भवानीनगरच्या रस्त्याला हुरडा पार्ट्या करतो, त्यासाठी कोवळी कणसं दत्तोबांकडूनच न्यायचा, पुण्यामुंबईचे लोक येतात, त्यानंच कुणाला तरी दिलं असणार. त्या दिवसापासून त्यांनी सिद्धूशी बोलणं टाकलं. त्याच्या पोरीच्या, छकुलीच्या, बारशालाही गेले नाहीत.

अशा माणसाकडे उत्कर्षा बी मागायला आली होती.

“उद्या ये. निवडून ठिवतो,” दत्तोबा म्हणाले.

म्हाळसाबाईची एक रीत होती. व्यापाऱ्याला ज्वारी घालायची तर ती आधी कढईत थोडी शेकून घ्यायची. करपवायची नाही, फक्त हात पोळेल इतकी. दाणा दिसायला तोच, भाकरीलाही तोच, पण मातीत टाकला तर मुका. दुसऱ्याच्या रानातून कणसं आणलेल्या बाईला आपल्या घरातून बी कसं जातं हे चांगलं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी दत्तोबांनी स्वतः चूल पेटवली.

“पोरगी चांगली दिसती,” त्यांच्या बायको प्रयागबाई म्हणाल्या. “कशापायी फशिवताय तिला?”

“फशिवतोय कुटं? कागदाला बी लागतंय, त्ये दिलं. कागद काय पेरनार हाय व्हय?”

दिल्लीच्या कार्यालयात बी पेरून बघतात, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. कागद म्हटलं की सही, शिक्का आणि फाईल एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी उत्कर्षानं विचारलं, “पेरणीचंच बी आहे ना, आबा?” आणि दत्तोबा म्हणाले, “डोळं झाकून घिऊन जा.” ती खरोखरच डोळे झाकून घेऊन गेली. दत्तोबांना त्या रात्री फार शांत झोप लागली.

ऑगस्टमध्ये ती परत आली. चेहरा उतरलेला होता. ओसरीवर बसली, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

“आबा, बी उगवलं नाही. चारशे दाण्यांतला एकही नाही. अर्ज बंद झाला.”

दत्तोबांनी चंची उघडली आणि पान न लावताच मिटली.

“आणि एका परदेशी भांडवलाच्या कंपनीनं हुरड्याच्या वाणासाठी अर्ज केलाय. फोटो पाहिले मी, आपलंच कणीस आहे. हरकत घ्यायला आता पंधरा दिवस उरलेत. आपला अर्ज त्यांच्या आधीचा होता. तो टिकला असता तर उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं. आता आपल्याला दाखवावं लागेल, की हे बी तुमच्या घरचं आहे, त्यांच्या पुडीतून घेतलेलं नाही.”

“माज्या आईचं बी मी पुडीतनं घेतलं?”

“मी नाही म्हणत. त्यांचा वकील म्हणेल.”

“मंजी आता पेरायची बी चोरी?”

“तसं नाही. पेरा, खा, शेजाऱ्याला द्या, कायदा शेतकऱ्याला अडवत नाही. पण नाव त्यांचं लागेल. म्हाळसा नाही लागणार.”

दत्तोबांचा आवाज चढला. “त्या सिद्धूनं घात केला माजा. त्यानंच दिलं कंपनीला.”

आतून प्रयागबाई बाहेर आल्या. इतके महिने त्या गप्प होत्या, आज राहिल्या नाहीत. “सिद्धूला तुमी पिकल्यालं कनीस कदी दिलंय का? हुरड्याचा कवळा दाना उगवत न्हाय, ह्ये तुमीच सांगता. आन् वर्साला पिकल्याल्या पंचवीस कनसांचा झुबका बिरोबाच्या दारात कोन टांगतं? जत्रंला गावोगावची माप मान्सं येत्यात तितं.”

दत्तोबांच्या डोळ्यांपुढे तो झुबका आला. घरात शेकून बी देणारा हा माणूस दर साली देवळाच्या दारात जिवंत बी टांगून येत होता, आणि ते बी दिल्यात त्यानं कधी धरलंच नव्हतं. ते देवाचं होतं. छकुलीचं बारसं त्यांना आठवलं आणि तोंड कडू झालं.

“चूक माझी आहे, आबा,” उत्कर्षा खाली बघत म्हणाली. “त्या दिवशी इंदापुरात काम होतं. तुमची पिशवी दिवसभर स्कूटीच्या डिकीत राहिली, उन्हात. तिथंच बी मेलं असणार. मी ऑफिसात तसं लिहून दिलंय. नोंदणीचं काम काढून घेतलं माझ्याकडून. हरकतीचा अर्ज तेवढा करू देणार आहेत.”

प्रयागबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. जागच्या हलल्या नाहीत. दत्तोबांना लाज वाटली. इतकी, की सत्तर वर्षांत कधी वाटली नव्हती.

“बाय, उनानं न्हाय मेलं,” ते म्हणाले. “मी मारलं. कढईत शेकून दिलं तुला. तू चोरशील म्हनून.”

 उत्कर्षाचे डोळे भरले, मग कोरडे झाले.

“मी लिहून देतो तसं,” दत्तोबा घाईनं म्हणाले. “तुज्या सायबाला देतो. तुजं काम तुला परत मिळंल.”

“आणि कंपनीच्या वकिलाला काय मिळेल? ज्यानं एकदा खोटं बी दिलं त्याचं दुसऱ्यांदा कोण खरं मानेल? नका लिहू काही. राहू दे माझ्या नावावर.”

दत्तोबा उठले. आत जाऊन त्यांनी चुलीवर धुरात टांगलेली कणसं काढली, दाणे हातानं झाडले आणि पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. “ह्ये घे. ह्याला काय केल्यालं न्हाय. आईची शपत.”

तिनं पिशवीत हात घातला. दाणे बोटांतून फिरवले, हुंगले, एक दाताखाली धरला. मग प्रयागबाईंकडे जुनं फडकं मागितलं. त्यात शंभर दाणे मोजून घातले, तांब्यातलं पाणी शिंपडलं, पुरचुंडी बांधली आणि आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवली.

“मोड यायला तीन दिवस लागतील. आले तर हरकतीच्या अर्जावर सही घ्यायला येते.”

“पंधरातलं तीन दिस जात्यात की गं.”

“जाऊ देत.”

आपल्याच ओसरीवर आपलं बी कुणी तपासून बघतंय, याचा दत्तोबांना राग यायला हवा होता. तो आला नाही. उत्कर्षा डब्याचं झाकण लावत होती, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. “डबा हितंच ठिव. मी पानी शिपडत जाईन. तुला कशाला तरास?”

“नको, आबा,” ती म्हणाली. “तुमच्याकडं नको.”

दत्तोबांनी हात मागे घेतला.