मंत्र्यांवर न वाजलेली घंटा

मित्रांनो, मी कांशाची एक जुनी घंटा आहे. हल्ली मी एका बंद कपाटात, मोडक्या पंख्याशेजारी पडून असते. माझा आवाज मात्र अजून खणखणीत आहे, आणि माझा राग त्याहून खणखणीत.

माझा जन्म गोव्यातल्या डिचोलीचा. कृष्णनाथ कासाराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच भट्टीत ओतले. आम्ही थंड झाल्यावर टिचकी मारून तो म्हणाला, "हाक मारपाक जल्मल्यात गो तुमी. ऐकपी जागो जावंक जाय!" म्हणजे, ऐकणारा जागा झालाच पाहिजे. बहीण पेडण्याकडच्या एका देवळात गेली. मला मूठ बसवली, आणि मी आमदारांच्या सभागृहात सभापतींच्या मेजावर आले.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. शिपाई मला चिंचेने घासून लख्ख करायचा. माझा ठोका पडला की पोरांसारखी भांडणारी मोठी माणसे गप्प बसत.

हळूहळू मला एक गोष्ट खुपू लागली. मी वाजायचे ती फक्त प्रश्न विचारणाऱ्यांवर. मंत्री गोकुळदास उत्तराला उभे राहिले की मी मुकी. कोणी खाणपट्ट्यातल्या आटलेल्या विहिरींचे विचारी, उत्तर यायचे, "अभ्यास चालू आहे." कोणी शाळेच्या गळक्या छपराचे विचारी, "नोंद घेतली आहे." किनाऱ्यावरच्या कचऱ्याला, "लवकरच." ही तीन उत्तरे ते पानाच्या तबकातल्या सुपारीसारखी सगळ्यांना वाटत. आणि बाके वाजत!

तो दिवस मी विसरणार नाही. केरीजवळच्या एका वाडीतल्या बायका वरच्या गॅलरीत येऊन बसल्या होत्या. त्यांची पणजीला जाणारी सकाळची बस बंद झाली होती. त्यांच्या आमदार सुविधाताई नव्यानेच निवडून आलेल्या. त्या उभ्या राहिल्या.

"मंत्रिमहोदय, बस गेल्यापासून वाडीतल्या मुलींचं कॉलेज सुटलंय. बस कधी सुरू करणार, एवढंच सांगा."

गोकुळदासांनी घसा साफ केला. पेडण्याची माती झाली, त्यांचे बालपण झाले, आजीच्या हातची पेज झाली, रस्त्यांचे जाळे झाले. बसचे नाव नाही! गॅलरीत म्हातारी सरस्वतीआजी ऐकता ऐकता पेंगू लागली.

"साहेब, पेज जेवून झाली असेल तर बसकडे या," सुविधाताई म्हणाल्या.

सभागृह हसले. सभापतींनी मला उचलले आणि दणदणा वाजवले. "सदस्यांनी खाली बसावे! वेळ संपली!"

कोणाची वेळ संपली? इतका वेळ काहीच न सांगणाऱ्याची नाही. एक ओळ विचारणाऱ्या बाईची! माझे कांसे संतापाने तापले.

पण माझा आवाज म्हणजे त्यांच्या देवळात टांगलेल्या माझ्या बहिणीचाच आवाज. सरस्वतीआजी दचकून जागी झाली. तिला वाटले, आपण गावच्या देवळातच आहोत. तिचा नवरा गावचा मानकरी. घंटा वाजली की तो देवापुढे गाऱ्हाणे घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणे मागायचा, आणि सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला होकार द्यायचा. जन्मभर ऐकून आजीला ते पाठ झाले होते. तिने डोळे मिटून हात जोडले आणि मोठ्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां आज तुझ्या दारात उबी आसत. आमची सकाळची बस बंद जाली. चेडवांक कॉलेजीक जांवक मेळना. जो कोण आड येता, तेका बुद्दी दी, आणि आमची बस सुरू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरीतल्या बायका सवयीने म्हणाल्या. खालचे पेडणे-डिचोलीचे आमदारही म्हणाले. आणि मान लववून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने कोण म्हणाले? गोकुळदास! लहानपणापासून देवळात उभा राहिलेला माणूस. शब्द तोंडातून कधी निघाला, त्यांनाच कळले नाही.

"हे कामकाजातून काढून टाका!" सभापती ओरडले.

"काढा की," सुविधाताई म्हणाल्या. "पण साहेब, गाऱ्हाण्याला तुम्ही व्हय म्हटलंत. आता कुठल्या तोंडाने देवळाची पायरी चढणार?"

गोकुळदास घाम पुसत खाली बसले. त्या दिवशी प्रथमच त्यांचे उत्तर दोन शब्दांत संपले होते.

दसऱ्याच्या आधी बस सुरू झाली. शिक्षा झाली ती मला. घंटेमुळे सभागृहाची शोभा गेली म्हणे! मेजावर विजेचे बटण बसवले. ते डासासारखे गुणगुणते. त्या आवाजाने कोणाला देव आठवणार नाही. तेही प्रश्न विचारणाऱ्यांवरच दाबले जाते, हे मला कपाटातूनही ऐकू येते.

इथे झाडलोट करणारी कोमल त्याच वाडीची. ती कधीमधी कपाट उघडून मला पुसते. "बस आज वेळार आयली गो," एवढे सांगते आणि दार लावून घेते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी त्या मेजामागे बसेल. तेव्हा मला बाहेर काढा, चिंचेने घासा. मात्र विचारणाऱ्याचे तोंड बंद करायला मला उचलू नका. उत्तर देणारा झोपला असेल, तर खुशाल वाजवा.

हे माझे गाऱ्हाणे. आता तुम्ही काय म्हणायचे, ते ठाऊक आहे ना?