सीलबंद तेलाचा चमत्कार

बंद पडलेल्या त्या पेट्रोल पंपाच्या आवारात रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नसायची. गाड्यांची रांग पार वळणापर्यंत जायची. कुणाची गाडी धक्के खात होती, कुणाची चढावर दम टाकत होती, तर कुणाची अगदी ठणठणीत होती आणि तो नुसताच चमत्कार बघायला आला होता. जुन्या सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर एक ऑटोमॅटिक गाडी उभी होती. तिच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून, डोळे मिटून, पांढऱ्याशुभ्र डगल्यात गियरगुरुजी उभे होते.

"गियरबॉक्सला सील कुणी लावलं?" गुरुजींनी विचारलं.

"माणसानं!" गर्दी म्हणाली.

"आतलं तेल कुणाला दिसतं?"

"गुरुजींना!"

"तेल मरत नाही, बाळांनो, तेल रुसतं! कंपनी म्हणते, हे तेल आजन्म बदलायचं नाही. बरोबरच आहे की! घरातलं माणूस रुसलं म्हणून कुणी बदलतं का? त्याची समजूत काढायची असते."

लोक हसले. तेवढ्यात खड्ड्यातून गुरुजींचा चेला वर आला. त्याच्या हातात काचेची बरणी, आणि बरणीत डांबरासारखं काळंकुट्ट काहीतरी. गर्दीतून "अरेरे" उमटलं. गुरुजींनी बाजूला हात केला, तशी पहिल्या रांगेतल्या बाईंनी पुढे होऊन बरणीचं झाकण त्यांच्या हातात दिलं. गुरुजींनी ते घट्ट लावलं, बरणी छातीशी धरली, काहीतरी पुटपुटले आणि ती जोरजोरात हलवली. बघता बघता काळ्याचं लाल झालं. अगदी चेरीसारखं, उजेड आरपार जाईल असं लाल! कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. चेला ती बरणी घेऊन पुन्हा खड्ड्यात उतरला, "शुद्ध झालेलं" तेल परत आत भरायला.

झाकण धरायचा मान बाईंचा होता. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आपल्या पहिल्या रांगेत आहे, याचं गुरुजींना फार कौतुक. दर रविवारी ते गर्दीला ऐकवत, "बघा, शिकलेली माणसंही येतात!"

बाई पहिल्यांदा इथे आल्या त्या गाडीच्या तक्रारीसाठी. गाडी त्यांच्या यजमानांनी घेतलेली. बाईंना क्लच कधी जमला नाही म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली आणि शेजारी बसून चालवायला शिकवली. मग ते गेले. घरात एक माणूस उरलं. भाजी एकटीची करायची म्हणजे कमी कशी करावी हेच त्यांना कळेना. दोघांची व्हायची आणि दुसऱ्या दिवशी तीच शिळी पुढ्यात यायची. कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून टीव्ही चालू. आठवड्यात आवाजाला काम असं नसेच. एकदा दूधवाल्याला हाक मारायला गेल्या तर घशातून शब्दच फुटेना.

अशात गाडी गियर बदलताना हिसके द्यायला लागली. शोरूममध्ये टाय लावलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, गियरबॉक्स सीलबंद आहे. तेल आजन्म टिकतं."

"कुणाच्या आजन्म?" बाईंनी विचारलं. "गाडीच्या की माझ्या?"

तो नुसता हसला. मग कापडाच्या दुकानातल्या वहिनींनी गुरुजींचं नाव सांगितलं.

गुरुजींनी बाईंच्या गाडीत बसून गियरच्या दांड्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "याला अजून यजमानांच्या हाताची ऊब आहे, ताई." बाई तिथेच ढसाढसा रडल्या. वहिनींनी त्यांना पोटाशी धरलं, कुणीतरी चहा आणला, पाठीवरून हात फिरवला. कित्येक महिन्यांत त्यांना कुणी हात लावला नव्हता. त्या दिवशी गाडी घरी आली ती लोण्यासारखी. पुढे हिसके परत आले, पण तोवर बाईंना रविवारची ओढ लागली होती. गुरुजी म्हणाले, "मनात शंका असेल, ताई." बाईंनी मान डोलावली. तिथे लोक नावानिशी विचारपूस करत, जागा धरून ठेवत. एवढ्यासाठी थोडे हिसके सोसायला त्यांची तयारी होती.

त्या गर्दीत एक टॅक्सीवाला होता. बाईंना मावशी म्हणायचा, येता-जाता घरी सोडायचा. डोंगरावरच्या हॉस्पिटलात पेशंट ने-आण करणं हा त्याचा धंदा. त्याची गाडी चढावर गियर सोडायची. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. गुरुजींनी तिच्यावर हात ठेवला, काळ्याचं लाल केलं आणि सांगितलं, "निर्धास्त जा."

त्याच आठवड्यात, चढावरच्या वळणावर, मागे एक म्हातारे गृहस्थ बसलेले असताना टॅक्सीनं गियर सोडला. गाडी मागे घरंगळली. त्यानं ब्रेक दाबत ती कशीबशी दगडी कठड्याला घासली म्हणून दरी चुकली. पेशंट वाचला. टॅक्सीवाल्याचा हात दोन ठिकाणी मोडला.

बाई त्याला भेटायला गेल्या. प्लास्टरमधला हात दोरीनं टांगलेला, शेजारी बायको बसलेली.

"गुरुजी येऊन गेले का रे?" बाईंनी विचारलं.

"निरोप आला, मावशी. म्हणाले, तुझी श्रद्धा कमी पडली." तो छताकडे बघत राहिला. "खरंच पडली असेल. त्या दिवशी चढाला लागताना मला भीती वाटली होती. त्या आजोबांना काही झालं असतं तर ते माझ्यामुळेच ना?"

मोडलेल्या हातापेक्षा हे भयंकर होतं. ज्याचा जीव जाता जाता राहिला, तोच स्वतःला गुन्हेगार समजत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या शहरात गियरबॉक्सचंच काम करणारं वर्कशॉप शोधून काढलं. तिथली इंजिनिअर एक तरुण मुलगी होती. बाई म्हणाल्या, "मला शेजारी उभं राहून बघायचंय. चालेल?"

"चालेल की! या, सावकाश या."

गाडी लिफ्टवर वर गेली. मुलीनं खालून टॉर्च मारला. "हे बघा, काकू. सीलबंद म्हणजे तेल मोजायची पट्टी नाही, एवढंच. तेल काढायचा बोल्ट आहेच. आणि आजन्म म्हणजे साधारण वॉरंटी संपेपर्यंतचा जन्म!" तिनं टॉर्च आणखी जवळ नेला. "हा बोल्ट मात्र कारखान्यातून आल्यापासून कुणी हलवलेला नाही. बघा, मातीचा थर कसा अखंड आहे."

"नीट बघ हं. मागे एकदा यातलं तेल काढून परत भरलंय."

"कुठून काढणार, काकू? हात लागलेला नाही याला. बॅटरीची तार तेवढी कुणीतरी सोडून परत लावलीय, तिथे पान्ह्याचे ओरखडे आहेत. काही गाड्यांत तसं केलं की गियरचा कॉम्प्युटर आपल्या सवयी विसरतो. थोडे दिवस गाडी मऊ चालते, मग पुन्हा शिकतो आणि पहिले पाढे पंचावन्न."

बाईंना आठवलं, "गाडीला मौन द्यायचं" म्हणून चेला बॉनेट उघडून बराच वेळ काहीतरी करत बसायचा.

बोल्ट सुटला. जुनं तेल तपकिरी-काळं होतं आणि त्याला जळकट वास होता. एक थेंब बाईंच्या बोटावर पडला. नळाखाली हात धरला, तर थेंब जागचा हलेना. साबणानं दोनदा घासावं लागलं. मागे बरणीतला काळा शिंतोडा त्यांच्या साडीवर उडाला होता, तो साध्या पाण्यानं गेला होता. तेल पाण्यानं जातं का? हे त्यांनी जन्मभर सहावीच्या वर्गाला शिकवलं होतं.

मुलीनं नवं तेल भरलं, इंजिन चालू ठेवून तेल ठरावीक तापमानाला येऊ दिलं, बाजूचा छोटा बोल्ट उघडला, जास्तीचं तेल बारीक धारेनं निघून जाऊ दिलं आणि बोल्ट लावून टाकला. ना मंत्र, ना मौन. "आतला झिजलेला भाग तेलानं भरून येणार नाही," तिनं स्पष्ट सांगितलं. "हिसके कमी होतील, बंद होतीलच असं नाही."

घरी आल्यावर बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. गुरुजींचं झाकण धरताना बोटांना नेहमी आतली पांढरी पूड लागायची. काळ्याचं लाल कशानं होईल? त्यांनी पिठाची पातळ खळ शिजवली, निवल्यावर तीत खायचा लाल रंग घातला, मग जखमेवर लावायचं आयोडीन. खळ काळीकुट्ट झाली. मग व्हिटॅमिन सीची गोळी कुटून टाकली आणि बाटली हलवली. काळ्याचं लाल झालं. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्या खाली बसल्या आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. आपले पंपावरचे रविवार संपले, हे त्यांना कळलं होतं.

त्या रविवारी त्यांनी पिशवीतून आपली काळी बाटली नेली. गुरुजींनी झाकणासाठी हात पुढे केला. बाईंनी झाकण दिलं नाही.

"आज झाकणाशिवाय करा, गुरुजी."

"ताई, हा विधी आहे."

"नुसत्या हातानं झाकून हलवा. शक्ती हातात आहे ना?"

गर्दीत कुजबुज झाली. गुरुजी मधाळ हसले. "शंका शिरली की असं होतं, बाळांनो. ताईंचं दुःख मोठं आहे, आपण समजून घेऊ."

बाईंनी आपली बाटली सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "ही बाटली मी घरी भरलीय. खळ, लाल रंग आणि आयोडीन. यात गाडीचं काही नाही. आणि हे गुरुजींचं झाकण." त्यांनी झाकणाच्या आतली पांढरी पूड नखानं खरवडून बाटलीत पाडली आणि बाटली हलवली.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळ्याचं लाल झालं. बाईंच्या हातात.

"खड्ड्यात उतरून बघा," बाई म्हणाल्या. "गाडीखालचा बोल्ट कुणी उघडलाय का ते बघा."

चेला आडवा आला, पण कापडवाल्या वहिनी त्याला बाजूला सारून मोबाइलचा उजेड पाडत खाली उतरल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काळ्या पाण्याची बादली होती. त्यांनी तीत रुमाल बुडवला आणि नळाखाली धरला. रुमाल स्वच्छ झाला. "बोल्टवर मातीचा थर आहे," त्या एवढंच म्हणाल्या. गर्दीचं लक्ष बादलीकडे असताना गुरुजी मागच्या फाटकातून आपल्या गाडीत बसले. ती गाडी साध्या क्लचची होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी पाहिलं.

शाबासकी द्यायला मात्र कुणी आलं नाही. माणसं खाली मान घालून आपापल्या गाड्यांत बसली. वहिनी जाता जाता थांबल्या.

"बाई, तुमचं खरं आहे हो. पण आता रविवारी जायचं कुठे?"

"माझ्याकडे या. खरंच या."

"बघते," वहिनी म्हणाल्या. त्या आल्या नाहीत. पुढचा रविवार बाईंनी खुर्चीत बसून काढला, त्याच्या पुढचाही. गाडीचे हिसके कमी झाले होते, गेले नव्हते.

मग एकदा दुपारी फोन वाजला. टॅक्सीवाला होता.

"मावशी, ऐकलं मी सगळं. एक विचारू? म्हणजे त्या दिवशी माझी चूक नव्हती?"

"नव्हती रे. मी वर्कशॉपमधल्या इंजिनिअरला विचारलं, तुझ्या गियरबॉक्सच्या आतल्या चकत्या झिजल्या होत्या. झिजलेल्याला श्रद्धेनं पकड येत नाही आणि भीतीनं ती सुटत नाही. तुला भीती वाटली, तेव्हा तुझं डोकं बरोबर चाललं होतं. त्याचं ऐकायला हवं होतं, एवढंच. इथून पुढे कुणी म्हणालं की आतलं फक्त मलाच दिसतं, तर त्याला म्हणायचं, उघड आणि दाखव. खरा असेल तो रागावणार नाही, शेजारी उभं करून दाखवेल. आणि आपण कितीही एकटे असलो, कितीही रडलो, तरी हे विचारायचं सोडायचं नाही. रडणारा माणूस तपासत नाही, यावरच त्यांचं दुकान चालतं."

त्यानं पुन्हा विचारलं, "नक्की नव्हती ना, मावशी?"

"नक्की नव्हती," बाई म्हणाल्या.

त्यानं सोडलेला लांब श्वास त्यांना फोनवर स्पष्ट ऐकू आला.