दोन लेकींचा बाप

पोविलासला लेक एकच, दांग्वोले. पण नाताळानंतर म्हाताऱ्याचं डोकं असं काही फिरलं की एकीच्या दोन झाल्या. सकाळी चूल पेटवून, लापशी पुढ्यात आदळून बेकरीत पळते ती आउश्रिने. संध्याकाळी पाय ओढत येते आणि अंथरूण घालते ती वाकारिने. आमच्या लिथुआनियात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, शुक्राच्या चांदण्या दोन बहिणी आहेत: पहाटेची आउश्रिने सूर्याची चूल पेटवते, सांजेची वाकारिने त्याचं अंथरूण घालते. म्हाताऱ्याने त्या दोघींना घरात आणलं, इतकंच.

दांग्वोलेने आधी खूप समजावलं, मग नाद सोडला. साठीला आलेल्या बाईने किती वेळा सांगायचं, की बाबा, मी तीच.

पण या आठवड्यात गोष्ट गळ्याशी आली. म्हातारा भरदुपारी सपाता घालून गोठलेल्या नदीवर सापडला, तोही बर्फ वितळायला लागलेला असताना. अलितुसच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होती, आणि शुक्रवारच्या आत त्याची सही हवी होती. मंगळवारी सकाळी तिने कागद पुढे केला.

"सही करा, बाबा."

"तुला मी नकोसा झालोय," म्हातारा म्हणाला. "तू सदा घोड्यावर बसलेली. मी वाकारिनेला विचारून सांगतो. ती मायेची आहे."

"विचारा की."

"विचारणारच. पण तुझ्यासमोर नाही."

दिवसभर भट्टीत पाव सारताना तिला समजेना, संध्याकाळी घरी जायचं ते कोण म्हणून. आणि व्हायचं तेच झालं. ती उशी झटकत होती, तेवढ्यात म्हाताऱ्याने तिचा हात धरून आवाज खाली आणला.

"ती सकाळची मला आश्रमात टाकायला निघालीय. तुझं काय म्हणणं, पोरी? तू म्हणशील तसं."

नुसतं 'जा' म्हणायचं होतं. पण तो इतक्या भरवशाने बघत होता की तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"नका जाऊ, बाबा."

म्हातारा लगेच घोरायला लागला. ती खाटेच्या काठावर बसून राहिली. सकाळच्या बाईचं काम संध्याकाळच्या बाईने नासवलं होतं. आता यातल्या कोणावर चिडायचं, हेही तिला कळेना.

बुधवारी बेकरीतल्या रेडिओवर सांगत होते, की या चार दिवसांत शुक्राची चांदणी सांजेलाही दिसेल आणि पहाटेलाही. संध्याकाळी तिने म्हाताऱ्याला घोंगडीत गुंडाळून अंगणात आणलं. धान्याच्या कोठारामागे, अगदी खाली, ती लुकलुकत होती.

"ही कोण, बाबा?"

"वाकारिने. एवढंही येत नाही होय तुला?"

गुरुवारी उजाडायच्या आत तिने त्याला पुन्हा बाहेर काढलं. या खेपेला पूर्वेला, पाइनच्या रानावर.

"आणि ही?"

"आउश्रिने."

"नाही, बाबा. काल संध्याकाळचीच ही. ती एकच आहे. आणि मीपण एकच आहे."

म्हातारा चांदणीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग पुन्हा चांदणीकडे. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"चूलही हीच पेटवते?"

"हो."

"आणि अंथरूणही हीच घालते?"

"हो, बाबा."

"मग बिचारी झोपते कधी?"

फाटकाच्या खांबाला टेकून ती रडली, हिवाळाभर रडली नव्हती तेवढी. म्हाताऱ्याने तिला हाताला धरून आत नेलं, स्वतःच्या खाटेवरची गोधडी बाजूला केली आणि उशी थोपटली. अंथरूण अजून उबदार होतं.

"पड जरा," तो म्हणाला. "आणि त्या सकाळच्या पोरीला सांग, कागद आण म्हणावं. मी सही करतो."