जुलैतली मोजणी

सुनावणी अकराला सुरू झाली आणि ऋताचं नाव पुकारलं तेव्हा एक वाजून गेला होता. ऋता बोरीवलीची, समाजशास्त्रात एम.ए. करणारी. चारकोपजवळच्या कोळीवाड्यात मासळी सुकवायच्या मैदानावर बसून तिनं आठ महिने टिपणं काढली होती. पालिकेच्या नव्या नकाशात तेच मैदान 'मोकळी जागा' म्हणून दाखवलं होतं आणि त्यावरून रस्ता जाणार होता.

"तुम्ही गावातल्या नाही," अधिकारी म्हणाले. "विषय काय तुमचा?"

"समाजशास्त्र. त्यात शहराचा अभ्यास वेगळा, कामधंद्याचा वेगळा, कुटुंबाचा वेगळा. मैदानावर हे तिन्ही एकत्र येतात."

"ते कॉलेजात ठीक आहे. इथं मोजणी झालीय."

"कुठल्या तारखेला, साहेब?"

त्यांनी कागद चाळले. "नऊ जुलै."

"जुलैत मासेमारी बंद असते. जागा मोकळीच दिसणार. दिवाळीनंतर या, पाय ठेवायला जागा मिळायची नाही. अठ्ठेचाळीस बायका तिथं वाळवण घालतात."

अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. "नावं सांगा."

नावं ऋताच्या पिशवीतल्या वहीत होती. पण पूर्वी कुणीतरी अशीच नावं लिहून नेली होती आणि महिन्याभरात घरोघरी जागा खाली करायच्या नोटिसा आल्या होत्या. म्हणून सुरुवातीला तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. नाव कुणाला दाखवणार नाही, असा शब्द तिनं दिला, तेव्हा कुठे बायकांनी तोंड उघडलं.

"नावं नाही देता येणार."

"मग मी नोंद कसली घेऊ? वही द्या, नाहीतर बसा."

"दे ना गं," मागून कुणी पुरुष पुटपुटला. "वाट लावशील सगळ्यांची."

वही दिली असती तर मैदान कदाचित वाचलं असतं. ऋतानं पिशवी घट्ट धरली आणि ती खाली बसली.

अधिकारी पुढचा कागद उचलणार, तोच तिसऱ्या रांगेतून सगुणा उठली. साठीची बाई, तीस वर्षं त्याच मैदानावर बोंबील वाळवणारी.

"माजं लिवा. सगुणा बळवंत कोळी."

तिच्यामागून एकेक बाई उठू लागली. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस जणी उठल्या. बाकीच्या खाली मान घालून बसून राहिल्या. त्या कोण हे कळू नये म्हणून ऋतानं त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. नोव्हेंबरात फेरपाहणी करावी, असा शेरा पडला.

बाहेर सगुणानं तिला गाठलं. "वही दिली असतीस तर आमाला उटायला लागलं नसतं."

"तुम्हाला न विचारता कशी देऊ?"

सगुणानं पदर खोचला आणि ती घराकडे वळली.

फेरपाहणीनंतर रस्ता सरकला. मैदानाची कडेची पट्टी मात्र गेली. तिथल्या सहा जणींना आता आत सरकून दुसऱ्यांकडे जागा मागावी लागते आणि त्यावरून रोज भांडणं होतात. ऋता तीही लिहून घेते, पण आधी विचारून.