टाकीची चावी

तुम्ही लोकांना फसवताय. तुमच्या पर्यटन खात्याच्या गुळगुळीत पुस्तिकेत, 'अवश्य पाहा' म्हणून, जुन्या रिकाम्या पाण्याच्या टाकीचा फोटो आहे. आणि त्याच टाकीच्या दाराला तुम्हीच कुलूप ठोकलंय.

माझी आत्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. गाडीच्या वेळा हमखास चुकीच्या सांगायची, त्यापायी बोलणीही खायची. पण गाडी चुकलेल्या माणसाला बाकावर कुजत बसू द्यायची नाही. वाकून आधी त्याचे पाय बघायची. चपला झिजलेल्या असल्या तर जवळची जागा: बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली, भर उन्हातही गारेगार. बूट धड असले तर लांबची: टेकडीपलीकडचं बंद पडलेलं स्टेशन, जिथे तिकिटाच्या खिडकीत पाखरं राहतात. आणि ज्याच्या तोंडावर बारा वाजलेले, त्याला टाकीत. आत उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, टाकी ते घोळवून घोळवून परत करायची.

आतोबा असेच गाडी चुकलेले. टाकीत जाऊन आले आणि पुन्हा खिडकीशी उभे. म्हणाले, स्वतःचं नाव ऐकून कंटाळा आला, तुमचं सांगा. पुढे लग्न झालं तरी दर सुट्टीला दोघं तिथेच. आम्ही पोरं चिडवायचो, घरात हाका मारायला जागा कमी पडते का?

आतोबा गेल्यापासून आत्या उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तुमची पुस्तिका मीच तिच्या हातात दिली. फोटो डोळ्यांशी धरून ती म्हणाली, "चल. एकदा हाक मारून येते त्यांना."

पहारेकरी म्हणाला, चावी ऑफिसात. ऑफिसातले साहेब म्हणाले, चावी पहारेकऱ्याकडे. वर शहाणपण, की आजी, आत बघण्यासारखं काही नाही.

"बघायचंय कुणाला? मोतीबिंदू आहे मला," आत्या म्हणाली.

परत टाकीशी आलो. तिने दाराच्या फटीला तोंड लावून आतोबांना हाक मारली. मग कान लावला. पहारेकऱ्यानेही लावला. लोखंडातून काहीच बाहेर आलं नाही.

"आत पोचली असेल," ती म्हणाली, "पण मला ऐकू कोण देणार?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी चपला घालून घराच्या दाराशी बसते आणि मला विचारते, उघडलं का?

चावी कुणाकडे आहे? त्या माणसाचं नाव सांगा. आणि दार कधी उघडताय, तेही आजच सांगा.